जुनी ई-क्लास: सिग्नलला थरथर, त्यात बॅटरीचं लाल चिन्ह (सांगली)

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. घरी २००५ ची मर्सिडीज ई२०० कॉम्प्रेसर आहे, डब्ल्यू२११ (ई-क्लासच्या त्या पिढीचं कंपनीचं नाव), पेट्रोल. वडिलांनी हौसेने घेतलेली, आणि आजही रविवारी तेच स्वतः पुसतात. गाडी विकायची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

त्रास दोन आहेत. सकाळी गार इंजिन एका सेल्फमध्ये सुरू होतं, काही मिनिटं तक्रार नाही. इंजिन तापलं की मग पुष्पराज चौकात सिग्नलला थांबल्यावर आरपीएमचा काटा ७०० वरून ५५० ला पडतो, तिथून ८५० ला चढतो, पुन्हा पडतो. सीट, स्टिअरिंग, आरसा, सगळं थरथरतं. एसी लावला की जास्त. पण मिरज रोडला लागल्यावर गाडी इतकी मऊ पळते की हिला काही झालंय असं कुणाला वाटणार नाही.

दुसरा त्रास: अशीच उभी असताना एसी आणि हेडलाइट दोन्ही चालू असले की मीटरमध्ये बॅटरीचं लाल चिन्ह येतं आणि 'व्हिजिट वर्कशॉप' असा मेसेज. थोडी रेस दिली की जातं.

आतापर्यंत चारही स्पार्क प्लग नवे टाकले, थ्रॉटल बॉडी साफ केली, डिकीतली मोठी बॅटरी बदलली. फरक काहीच नाही. आता एका गॅरेजवाल्यांनी अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो) आणि इसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) दोन्ही बदलायला सांगितलंय. दोन्ही तक्रारी एकाच दोषाच्या आहेत की वेगवेगळ्या, हे मात्र कुणी सांगत नाही. सुरुवात कुठून करू?

घाटमाथा_सातारा

दादा, इसीएमला हात लावू देऊ नका. या गाड्यांचा इसीएम खरोखर गेला तर सहसा गाडी सुरूच होत नाही, नाहीतर स्कॅनरवर ढीगभर कोड येतात. तुमची गाडी रस्त्यावर मऊ पळते म्हणताय, म्हणजे मेंदू शाबूत आहे.

आता नवं काहीही विकत घेण्याआधी एक साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या आणि आकडे इथे टाका. या मॉडेलला मोठी बॅटरी डिकीत असते आणि जंप देण्यासाठी बॉनेटखाली वेगळा पॉझिटिव्ह खांब दिलेला असतो. दोन्हीकडे मोजा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, दार उघडून थोडं थांबून बॅटरीचं व्होल्टेज घ्या. १२.६ च्या आसपास हवं, १२.२ च्या खाली असेल तर बॅटरी अर्धी रिकामी आहे. मग इंजिन सुरू करून, गरम झाल्यावर आयडलिंगला, म्हणजे रेस न देता, मोजा. त्यानंतर एसी, हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर, सगळं लावून मोजा. शेवटी तसंच ठेवून २००० आरपीएमला. निरोगी अल्टरनेटर सगळ्या लोडसकट १३.५ च्या खाली सहज येत नाही.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. २००६ च्या आधीच्या डब्ल्यू२११ ला एसबीसी ब्रेक आहेत. पायाचा दाब सेन्सर वाचतो आणि ब्रेकला प्रेशर विजेवर चालणारा पंप देतो. वीज गेली तर पुढच्या चाकांवर हायड्रॉलिक ब्रेक शिल्लक राहतो, पण पेडल खूप खोल जातं आणि पाय पूर्ण ताकदीने दाबावा लागतो. लाल चिन्ह येतंय तोवर ही गाडी घाटात घालू नका. मी यवतेश्वरच्या उतारावर कायम दुसऱ्या गियरला उतरतो, तरी असा दिवा पेटलेली गाडी मी नेणार नाही.

उसाचं_रान

ह्यो पेट्रोलचा परताप असणार दादा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळल्यालंच पेट्रोल मिळतंय. ऊस आमचाच कारखान्याला जातो, त्यामुळं वाईट बोलवत न्हाई, पर २००५ च्या गाडीला त्ये सोसायचं कसं? आमच्या पाहुण्यांची जुनी सेडान पण अशीच मिसिंग करतीया. इंजेक्टर साफ करून घ्या आन् टाकी रिकामी करून बघा.

सरळरेषा

मी मेकॅनिकलच्या मुलांना इंजिन शिकवते, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते. उसाचं_रान यांची शंका रास्त आहे, पण ती तपासता येते, आणि तपासायला टाकी रिकामी करावी लागत नाही.

शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो ना. वीस टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा पट पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इसीएमला शुद्ध पेट्रोलपेक्षा आठ-नऊ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. ऑक्सिजन सेन्सर बघून तो हे आपोआप करतो, आणि त्या दुरुस्तीचा आकडा स्कॅनरवर 'फ्युएल ट्रिम' म्हणून दिसतो.

इथेनॉलमुळे वाढलेला ट्रिम आयडलिंगला जेवढा असतो, साधारण तेवढाच २५०० आरपीएमलाही असतो, कारण इंधन दोन्हीकडे तेच आहे. पण थ्रॉटलच्या पुढे कुठे पाइप तडकून जास्तीची हवा आत जात असेल तर चित्र वेगळं दिसतं. आयडलिंगला इंजिन मुळात थोडीच हवा घेतं, त्यात ती चोरटी हवा मोठा हिस्सा खाते आणि ट्रिम भरमसाट वाढतो. रेस दिली की एकूण हवा वाढते, चोरट्या हवेचा वाटा नगण्य होतो आणि ट्रिम खाली येतो. तुमची थरथर फक्त उभ्या गाडीला आहे, रस्त्यावर नाही, त्यामुळे माझा संशय हवेवरच आहे.

साधा ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे फोनवर दाखवणारं छोटं यंत्र) फोनला जोडा. गरम इंजिनवर शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म ट्रिम दोन्ही लिहून घ्या, आधी आयडलिंगला, मग २५०० ला. दोन्हींची बेरीज महत्त्वाची. एवढे चार आकडे हातात आले की निम्मं निदान झालं.

डायनॅमो_मिरज

मी मिरजेत अल्टरनेटर आणि सेल्फचं काम करतो, वडिलांपासून हाच धंदा. बॅटरीच्या तक्रारीबद्दल बोलतो.

रेस दिली की चिन्ह जातं, याचा अर्थ अल्टरनेटर वीज बनवतोय पण कमी आरपीएमला पुरी पडत नाही. कारणं तीनच धरा: बेल्ट किंवा त्याचा टेन्शनर सैल, रेग्युलेटरचे (व्होल्टेज आवरणारा भाग) कार्बन ब्रश झिजलेले, नाहीतर आतला एखादा डायोड गेलेला. अल्टरनेटर एसी बनवतो (थंड हवेचा एसी नव्हे, दिशा बदलत वाहणारी वीज), तीन फेजमध्ये. डायोड तिचं डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, करतात. एक डायोड ओपन झाला की दिवसा रेसवर गाडी चालते, पण आयडलिंगला लोड आला की मान टाकते. शॉर्ट झाला तर उलट रात्रीत बॅटरी पिऊन टाकते.

डायोड तपासायला काही खोलावं लागत नाही. इंजिन चालू, हेडलाइट लावा, मल्टीमीटर एसी व्होल्टवर करा आणि बॅटरीच्या दोन टोकांवर धरा. चांगल्या अल्टरनेटरला काटेकोर डीसी येतं, एसीचा आकडा ०.१ च्या आतबाहेर दिसतो. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर डायोड गेलाच समजा.

आणि हात जोडून सांगतो, कुणी मिस्त्री चालू गाडीला बॅटरीचं टर्मिनल काढून "बघा, डायनॅमो चालतोय" असं दाखवत असेल तर त्याला थांबवा. ॲम्बॅसेडरच्या काळात ते खपून जायचं. बॅटरी सुटली की व्होल्टेज क्षणात कितीतरी पटीने उसळतं, आणि या गाडीत डझनभर कंट्रोल युनिट त्याच तारेवर बसलेली आहेत. चांगला इसीएम असा मारलेला माझ्याकडे आलाय.

तुम्ही विचारलंत दोष एक की दोन. मला वाटतं दोन असतील, पण ते एकमेकांना खतपाणी घालतात. काटा ५५० ला पडला की अल्टरनेटर आणखी हळू फिरतो, व्होल्टेज पडतं. व्होल्टेज पडलं की इंजेक्टर उशिरा उघडतात, कॉइलची ठिणगी कमजोर होते, काटा आणखी पडतो.

माणदेशी

गाडी सांगलीतच असते ना? २०१९ किंवा २०२१ च्या पुरात पाणी लागलं होतं का, ते सांगा. पाणी शिरलेल्या गाडीत कार्पेटखालचे अर्थिंग पॉइंट हिरवे पडतात आणि वर्षानुवर्षं छळतात. गाडी सेकंडहँड असेल तर हे विचाराच.

विश्रामबागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. माणदेशी, गाडी नवी घेतलेली आहे आणि दोन्ही पुरांत आत्याकडे विट्याला होती, पाणी लागलेलं नाही.

आकडे देतो. रात्रभर उभी: १२.५. गरम इंजिन, आयडलिंग, लोड नाही: १३.७. एसी, हेडलाइट आणि मागचा हीटर लावून: १२.३, आणि तेव्हाच लाल चिन्ह आलं. तसंच ठेवून २००० ला: १३.५. बॉनेटखालच्या खांबावर आणि डिकीत फरक किरकोळ. एसी व्होल्टवर, लोडसकट: ०.८ ते ०.९.

डोंगलवर पी ०१७१ हा कोड दिसतो. ट्रिमची बेरीज आयडलिंगला अधिक २३ टक्के, २५०० ला अधिक ७.

सरळरेषा

इतके बोलके आकडे क्वचित मिळतात. ते ७ म्हणजे बहुतेक तुमच्या पंपावरचं इथेनॉल, आणि त्यावरचे १६ म्हणजे चोरटी हवा. पी ०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, तेही याच्याशी जुळतं. इंजेक्टर साफ करण्यात पैसे घालू नका.

हवा कुठून जातेय ते शोधायला स्मोक टेस्ट करून घ्या. इनटेकमध्ये हलक्या दाबाने धूर सोडायचा, तो जिथून बाहेर येईल तिथे भोक. कार्ब क्लीनर फवारून शोधायची पद्धत गरम इंजिनवर आग लावू शकते, ती करू देऊ नका.

घाटमाथा_सातारा

तुमचं इंजिन एम२७१. त्यात इनटेक मॅनिफोल्डच्या खाली क्रँककेसची वाफ परत इंजिनात नेणारे ब्रीदर पाइप आहेत. रबर, त्यात आतून तेलाची वाफ आणि बाहेरून इंजिनची धग, त्यामुळे इतक्या वर्षांनी ते फुगून तडकतातच. वरून काही दिसत नाही, म्हणून गॅरेजमध्ये प्लग, कॉइल, सेन्सर बदलत बसतात. स्मोक करताना मिस्त्रींना टॉर्च घेऊन मॅनिफोल्डच्या खालीच बघायला सांगा. मी माझ्या गाडीत दोन्ही पाइप एकदम बदलले, कारण तिथवर पोचायचीच मजुरी जास्त.

डिकीत कुठली बॅटरी टाकलीत? मूळची एजीएम (सील केलेली, ॲसिड चटईत शोषलेलं) होती. साधी पाण्याची टाकली असेल तर तिच्या गॅसची नळी गाडीबाहेर नेलेली आहे का बघा. चार्जिंगला हायड्रोजन सुटतो, तो डिकीत कोंडू द्यायचा नाही.

विश्रामबागकर

स्मोक टेस्ट झाली. कुपवाडला एका मिस्त्रींनी धुराचं मशीन स्वतः बनवलंय: बंद डबा, आत बेबी ऑइल आणि ग्लो प्लग, वर कंप्रेसरची अगदी बारीक हवा. एअर फिल्टरकडचा पाइप बंद करून धूर सोडला. थोडा वेळ काहीच नाही. मग मॅनिफोल्डच्या खालून, डिपस्टिकच्या मागून एक पांढरी रेघ वर आली आणि बॉनेटच्या कडेला जाऊन पसरली. बाकी कुठूनही काही नाही.

पाइप काढून हातात दिला तेव्हा वडील बराच वेळ तो उलटसुलट करून बघत होते. बोटांत दाबला तर भिजवलेल्या खारकेसारखा मऊ, आणि वळणाच्या आतल्या बाजूला लांबच लांब चीर. चीर पसरून धरली की पलीकडचा उजेड दिसतो. बाहेरून पुसलेला असता तर धडधाकट वाटला असता, कारण सरळ ठेवला की चीर मिटते.

दोन्ही पाइप आणि गॅस्केट पुण्याहून मागवून बसवले. काटा आता ७०० ला ठोकून बसल्यासारखा स्थिर आहे. ट्रिम आयडलिंगला अधिक ८, २५०० ला अधिक ६. आणि विशेष म्हणजे लाल चिन्हही जवळपास बंद झालंय. मग अल्टरनेटर राहू द्यावा का?

बॅटरी साधीच निघाली, नळीही जोडलेली नव्हती. ती नळी आता जोडून बाहेर काढली.

डायनॅमो_मिरज

राहू देऊ नका. काटा पडायचा थांबला म्हणून अल्टरनेटरला जरा जास्त फेरे मिळतायत, एवढंच. ०.९ एसी आहे तिथेच आहे. डायोड गेलेला आहे, तो पाइप बदलून बरा होत नाही. एप्रिल-मेमध्ये सांगलीच्या उन्हात एसी फुल्ल, पंखे फुल्ल, आणि आयर्विन पुलाच्या तोंडाशी वाहनं अडकली की पुन्हा दिवा पेटेल. उरलेल्या डायोडांवर भार येऊन तेही जातील.

पण अख्खा नवा घ्यायची गरज नाही. बेअरिंग आणि वाइंडिंग चांगलं असेल तर रेक्टिफायर प्लेट (डायोड बसवलेली) आणि ब्रशसकट रेग्युलेटर बदलून काम होतं. फक्त ज्यांच्याकडे द्याल त्यांच्याकडे टेस्ट बेंच आहे का विचारा. बेंचवर लोड देऊन ॲम्पिअर मोजून दाखवले तरच पैसे द्या. पुलीही बघून घ्या, काही अल्टरनेटरला एकाच दिशेने पकडणारी पुली असते. ती जाम झाली की बेल्ट आयडलिंगला फडफडतो आणि इंजिनच थरथरतंय असं वाटतं.

माणदेशी

हे मला नवीन कळलं. पाइप बदलून दिवा गेला असता तर मी तरी अल्टरनेटर विसरून गेलो असतो.

विश्रामबागकर

अल्टरनेटर उघडला. स्लिप रिंगवर (ब्रश जिच्यावर घासतात ती कडी) ब्रशने नखाला लागेल एवढी खाच पाडलेली, एक ब्रश जवळपास संपलेला, दुसरा निम्मा. डायोड एकेक तपासले, त्यातला एक दोन्ही दिशांना बंद. वाइंडिंग स्वच्छ. रेक्टिफायर, रेग्युलेटर आणि बेअरिंग नवी टाकली, स्लिप रिंग बदलून घेतल्या. पुली मोकळी फिरते. टेन्शनरचा रबर कडक झालेला होता, तोही बदलला.

आता सगळा लोड लावून आयडलिंगला १३.९, एसीचा आकडा ०.०४. सगळा खर्च मिळून त्या गॅरेजच्या अंदाजाचा लहानसा हिस्सा झाला.

एक शंका राहिली. सकाळी पहिल्यांदा चावी फिरवल्यावर बॅटरीचं चिन्ह कधीतरी येतं, गाडी चालली की जातं. मोठी बॅटरी तर ठीक आहे.

घाटमाथा_सातारा

धाकटी बॅटरी बघा. तुमच्या वर्षाच्या डब्ल्यू२११ ला बॉनेटखाली झाकणाआड एक लहान १२ ॲम्पिअर-आवरची सहायक बॅटरी असते. मोठी कोलमडली तर ब्रेकसारख्या जरुरीच्या यंत्रणांना थोडा वेळ तीच आधार देते. ती गेली तरी हेच लाल चिन्ह येतं, आणि बहुतेक मिस्त्रींना ती आहे हेच ठाऊक नसतं. तुमच्या ब्रेकसाठी ती मोठ्या बॅटरीइतकीच मोलाची आहे, टाळू नका.

ब्रेक पॅड बदलायची वेळ आली की एसबीसी स्कॅनरने झोपवल्याशिवाय कॅलिपरला हात लावू देऊ नका. दार उघडलं तरी पंप जागा होऊन प्रेशर देतो, बोटं सापडतात.

विश्रामबागकर

मोजली, १०.८. मूळचीच होती. नवी बसवली, चिन्ह त्यानंतर आलेलं नाही. वडील परवा स्वतः चालवत नरसोबाच्या वाडीला जाऊन आले.

सरळरेषा

छान. आता गाडी नीट आहे तोवरच आणखी एक तपासून घ्या. या इंजिनला कॅमशाफ्टसाठी पुढच्या बाजूला दोन मॅग्नेट असतात. ते गळायला लागले की तेल कनेक्टरमध्ये शिरतं आणि तारेच्या आतून, धाग्यांच्या फटीफटीतून पुढे सरकत ऑक्सिजन सेन्सर आणि इसीएमच्या सॉकेटपर्यंत पोचतं. मग इसीएम खरंच जातो. कनेक्टर ओढून बोट फिरवा. कोरडं असेल तर मध्ये लावायची छोटी जोडवायर मिळते, ती बसवून टाका, म्हणजे तेल तिच्यातच अडतं. तेलकट असेल तर मॅग्नेटही बदला. आणि गार इंजिन सुरू करताना पुढून खडखड ऐकू आली तर टायमिंग चेन मोजून घ्या, ते काम पुढे ढकलायचं नसतं.

उसाचं_रान

ताई, तुमचं वाचून पाहुण्यांच्या गाडीला डोंगल लावला. आयडलिंगला अधिक १९, आन् २५०० ला अधिक २१. म्हंजी आमचं इथेनॉलच का?

सरळरेषा

नाही दादा, इथेनॉलचे त्यातले आठ-नऊच. दोन्हीकडे सारखा आणि इतका जास्त आहे म्हणजे चोरटी हवाही नाही. एकतर पेट्रोल कमी पोचतंय, म्हणजे फिल्टर तुंबलाय किंवा पंप थकलाय, नाहीतर हवा मोजणारा सेन्सर कमी आकडा सांगतोय. आधी फ्युएल प्रेशर गेज लावून आयडलिंगला आणि रेसवर प्रेशर बघा, गाडीच्या मॅन्युअलमध्ये किती हवं ते असेल. प्रेशर बरोबर निघालं तर सेन्सरचे आकडे इथे टाका, आणि गाडी कोणती तेही लिहा.

उसाचं_रान

उद्या तासगावला गेज लावून घेतो आन् सांगतो.